लोकर, कापूस आणि काही चोपडी

१६७७ साली लंडनमध्ये एक निनावी चोपडं छापून निघालं. विषय लोकरीचा. इंग्लंडची लोकर देशाबाहेर न्यायला तेव्हा कायद्याने बंदी होती, आणि लिहिणाऱ्याचं मागणं फार मोठं नव्हतं. थोडी तरी लोकर, वाटल्यास जकात घेऊन, बाहेर जाऊ द्या. बाहेरचं गिऱ्हाईक तोडलं की माल घरच्या कापडवाल्यालाच विकावा लागतो. तो म्हणेल तो भाव. मेंढीमागे काही सुटत नाही, जमिनीचा खंड उतरतो, आणि ज्याच्या जमिनीवर देश उभा तोच खंक होतो. त्याच वर्षी टॉमस मॅन्ली नावाच्या गृहस्थाने उलट चोपडं काढलं. लोकर बाहेर गेली तर राज्याचा नाश होईल, असं त्याचं म्हणणं. परदेशी विणकर आपल्याच लोकरीचं कापड करून आपल्याला बाजारातून उठवतील, ही तिकडच्या कापडवाल्यांची जुनी धास्ती.

हे वाचताना मला मानवतचा मोंढा दिसत होता. परभणी जिल्ह्यात कापसाच्या घरात वाढलेल्या माणसाला हा वाद समजावून सांगावा लागत नाही. मेंढी काढून पऱ्हाटी ठेवली, कापडवाल्याच्या जागी गिरणीवाला बसवला, की बाकीचं सगळं तोंडपाठ असतं. उलट बाजूचंसुद्धा.

या चोपड्यांपर्यंत मी पोचलो तो अॅडम स्मिथच्या वाटेने. अर्थशास्त्र शिकवताना त्याच्या १७७६ च्या ग्रंथातला लोकरीच्या कायद्यांचा भाग मी मुलांना वाचून दाखवत असे, कारण तेवढ्या तासापुरती मागच्या बाकावरची मुलंही जागी व्हायची. एलिझाबेथ राणीच्या १५६६ च्या कायद्यात जिवंत मेंढी परदेशी पाठवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला वर्षभर कैद, आणि कैद संपली की भर बाजारात, बाजाराच्या दिवशी, डावा हात तोडून तिथेच खिळ्याने ठोकायचा. दुसऱ्यांदा सापडला तर मृत्युदंड. पुढे १६६२ मध्ये लोकर बाहेर नेणं हाच देहान्ताच्या पंक्तीतला गुन्हा ठरला. स्मिथने या प्रकरणात ज्याचा आधार घेतला तो लिंकनशायरमधला एक पाद्री, त्याचंही आडनाव स्मिथ. या जॉन स्मिथने लोकरीवरची शंभर-दीडशे वर्षांतली चोपडी, अर्ज, कायदे, सगळं चाळून त्यांचे सारांश दोन जाड खंडांत १७४७ साली छापले. आजूबाजूचे मेंढपाळ का पिचतात, हे त्याला कागदावरून सिद्ध करायचं होतं. एखाद्या कीर्तनकाराने गावच्या कापसापायी शंभर वर्षांची पत्रकं जमवावीत, तसलं हे काम. मला हा माणूस फार आवडतो. आपल्याकडे असा कोणी झाला असता तर माझं निम्मं काम वाचलं असतं.

त्या कायद्यांतलं सगळ्यात बोलकं कलम हात तोडण्याचं नव्हेच. १६९८ च्या कायद्यात केंट आणि ससेक्स या किनाऱ्यावरच्या परगण्यांसाठी नियम होता की समुद्रापासून दहा मैलांच्या आतल्या शेतकऱ्याने मेंढ्या भादरल्यावर तीन दिवसांत लेखी कळवायचं: किती लोकर निघाली, कुठे ठेवली. हलवायची तर पुन्हा कळवायचं. रॉम्नी मार्शच्या दलदलीतून रात्री लोकर फ्रान्सला पळवली जाई, म्हणून हा बंदोबस्त. विल्यम कार्टर नावाचा कापडवाला तर लोकर पळवणाऱ्यांना पकडून देण्याच्या ध्यासानेच पछाडलेला होता. चोपडीही त्याचीच निघायची आणि धाडीही त्याच्याच पडायच्या. त्या दलदलीतल्या लोकांनी एकदा त्याची अशी पाठ धरली की जिवानिशी सुटला हेच नशीब.

आता आमच्याकडे या. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कच्च्या कापसाचा कायदा केला आणि १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस सरकारनेच घ्यायचा, शेतकऱ्याने दुसऱ्या कोणाला विकायचा नाही. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. व्यापाऱ्याच्या कटतीत, मापात आणि आगाऊ पैशांच्या फासात आमच्या वाडवडिलांची जी गत झाली ती पाहिलेल्या माणसाला सरकारी काटा हा देवाचा काटा वाटला तर नवल नाही. आमच्या घरातही तो तसाच वाटला होता, सुरुवातीला. मग केंद्रावर गाड्यांची रांग लागायची. काका गाडीखाली घोंगडं टाकून रात्र काढत. ग्रेडरने कापसात हात घालायचा आणि प्रत ठरवायची. त्या हातावर घरातल्या लग्नाची तारीख ठरे. पैसे एका रकमेत नाहीतच. हप्त्याने. ‘चुकारा आला का?’ हा प्रश्न आमच्या भागात रामराम घालण्याऐवजी विचारला जाई. आणि ज्या वर्षी नांदेडच्या पुढे, आंध्रात, भाव चढा असे त्या वर्षी कापूस रात्रीचा सीमेकडे निघे, नाक्यावर पोलीस उभे असत, आणि आपल्या रानातला आपला कापूस नेणारा माणूस चोर ठरे. रॉम्नी मार्श आणि सीमेपलीकडच्या भैंशाची वाट यांत मला तरी फरक सापडत नाही, एवढंच की आमच्याकडे समुद्र नाही.

फेब्रुवारी १९८४ मध्ये शेतकरी संघटनेचं अधिवेशन परभणीला भरलं. पहिलं सटाण्याला झालं होतं, १९८२ च्या जानेवारीत, हे दुसरं. परभणी शहराने एवढे लाल बिल्ले एकदम कधी पाहिले नव्हते. आमच्या गावातून बैलगाड्या गेल्या, घराघरांतून भाकरी गेल्या, ठेचा गेला. मी तेव्हा विद्यार्थी होतो आणि भाषणांपेक्षा गर्दीच बघत होतो. काका मात्र परत येताना पिशवीत पुस्तिका घेऊन आले. पातळ, पिवळट कागदाच्या, टाचणी मारलेल्या. ज्या माणसाने पंचांग आणि सोसायटीचं पासबुक सोडून विकत काही घेतलेलं मला माहीत नव्हतं, त्याने पदरचे पैसे मोडून अर्थशास्त्र घरात आणलं होतं.

त्या पुस्तिका लिहिणारे, संघटनेचे नेते शरद जोशी हे तसे पोस्टखात्यातले अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी, ती सोडून १९७७ च्या सुमारास चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन कसायला लागले आणि कांद्याच्या भावाने त्यांना बोलतं केलं. इतकी वर्षं कागद इकडून तिकडे पोचवण्याच्या खात्यात राहिलेला माणूस कागदावरच विश्वास ठेवणार. ‘शेतकरी संघटना : विचार आणि कार्यपद्धती’ हे त्यांचं पुस्तक आणि त्यांच्या लहानमोठ्या पुस्तिका कार्यकर्त्यांच्या शिबिरांत पोथीसारख्या वाचल्या जात. त्यांचा मुद्दा थोडक्यात हाच की शेतकरी गरीब आहे तो आळशी, अडाणी, उधळ्या किंवा कमनशिबी म्हणून नाही. कच्चा माल स्वस्त राहावा हे सरकारचं ठरलेलं धोरण आहे. निर्यातबंदी, झोनबंदी, लेव्ही, एकाधिकार ही त्याची हत्यारं आहेत, आणि उत्पादनखर्च भरून येणार नाही असा भाव मुद्दाम काढला जातो.

आता हे खरं की खोटं, किती खरं आणि किती ताणलेलं, यावर मी वर्गात बरीच वर्षं बोललो आहे आणि माझं मत दर काही वर्षांनी थोडं सरकत आलं आहे. पण काकांच्या घरात त्या पुस्तिकांनी जे केलं ते मतापेक्षा वेगळं होतं. त्यांनी वही घातली. बियाणं, खत, फवारणी, कोळपणी, वेचणी, गाडीभाडं हे तर सगळेच धरतात. काकांनी बैलांची वैरण धरली, स्वतःची मजुरी धरली, जमिनीचा खंड धरला आणि कर्जावरचं व्याज धरलं. हंगाम संपल्यावर बेरीज मारली आणि आजीला वाचून दाखवली. आजी म्हणाली, ‘हे बघून काय करायचं? नशिबात हाय ते हाय.’ काका म्हणाले, ‘आपून पिकवायचं, भाव त्यांनी करायचा अन् तोटा नशिबाचा? लिहून ठिवलं म्हंजी निदान कोण खातंय ते तरी कळतं.’

मला वाटतं, सतराव्या शतकातल्या त्या चोपड्यांचं खरं काम हेच होतं. पार्लमेंटला पटवणं हा वरवरचा हेतू. पार्लमेंटला काय पटवायचं? तिथे बसलेल्यांना लोकरीचा भाव कोणामुळे पडतो ते ठाऊक होतंच. पण खेड्यातल्या माणसाला दैवाचा वाटणारा घाटा कोणाच्या तरी खात्यावर जमा होतो आहे, हे हिशेबाने दाखवलं की तो माणूस पहिल्यासारखा राहत नाही. काका राहिले नाहीत. गावात त्यांचं वजन वाढलं आणि बँकेतली पत कमी झाली, कारण ते आता व्याजाचा हिशेब साहेबाला उलटून विचारत.

त्या काळचं इंग्लंड म्हणजे चोपड्यांचा पूर होता. १६४१ मध्ये छापखान्यांवर वचक ठेवणारं स्टार चेंबरचं न्यायालय गेलं आणि पुढची वीस वर्षं ज्याला त्याला काहीतरी सुधारायचं होतं: व्यापार, वजनंमापं, कर्जदारांचे तुरुंग, वकिलांची फी, पार्लमेंट, देव. जॉर्ज थॉमसन नावाच्या लंडनच्या पुस्तकविक्याने १६४० ते १६६१ या काळात हाती लागेल ते जमवलं. सुमारे बावीस हजार नग झाले. लढाईच्या धामधुमीत त्याने ते पेटाऱ्यांत भरून गावोगाव लपवले. एकदा चार्ल्स राजाने त्यातलं एक वाचायला मागवलं, आणि नेणाऱ्याच्या हातून ते वाटेत चिखलात पडलं; तो डाग अजून त्या प्रतीवर आहे म्हणतात. परभणीच्या अधिवेशनात वाटलेली पत्रकं कोणी जमवली? बहुतेक भज्यांखाली गेली. आमच्याकडे गणेश वाचनालय १९०१ पासून आहे, कादंबऱ्या जपल्या, धर्मग्रंथ जपले. पत्रक हे जपायचं असतं असं आपल्याला कधी वाटलंच नाही.

आणि छापणारा घाबरतो, हेही सगळीकडे सारखंच. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. ‘दीनबंधु’मध्ये त्याची पहिली दोन प्रकरणं आली आणि पुढचं छापायला नारायण मेघाजी लोखंड्यांचं धाडस झालं नाही. स्वतःच्या माणसाच्या, स्वतःच्या चळवळीच्या पत्रात ही गत. ‘असुडा’ला शंभर वर्षं झाली तेव्हा जोशींनी त्यावर मुजऱ्याची एक पुस्तिका लिहिली. काकांच्या पिशवीत ती होती, आणि फुले आमच्या घरात आले ते तिच्यातून, मूळ पुस्तकाच्या आधी.

कायद्याच्या भाषेवरून तिकडे झालेला तंटा मात्र आमच्या जिल्ह्याला आणखी जवळचा आहे. इंग्लंडच्या कोर्टात तोवर लॅटिन आणि एक मोडकी वकिली फ्रेंच चाले. शेतकऱ्याचं रान जाई आणि का गेलं हे त्याला वाचता येत नसे. जॉन वॉर, जॉन लिलबर्न आणि त्यांच्यासारख्यांनी यावर चोपड्यांमागून चोपडी काढली, आणि १६५० मध्ये खरोखरच कायदा झाला की कोर्टाचं सगळं काम इंग्रजीत चालेल. १६६० मध्ये राजा परत आला, वकील खूश झाले, इंग्रजी गेली. ती कायमची आली १७३३ मध्ये. आमच्याकडे निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फार्सीच्या जागी उर्दू आली, आणि मराठी बोलणाऱ्या परभणीच्या कुणब्याला आपल्याच सातबाऱ्यासाठी, म्हणजे तेव्हाच्या जमिनीच्या नोंदीसाठी, मुन्शी गाठावा लागला. आमच्या घरच्या बोचक्यात असले उर्दू कागद आहेत. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली तेव्हा तहसिलीच्या दारात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी जे दिवस आले ते पाहून मला वॉर आणि लिलबर्न यांची आठवण झाली. माणूस मेला तरी त्याच्या नावाचा कागद कोणाला तरी विचारूनच वाचायचा.

निजामाच्या राज्यात पत्रक काढणंच मुळात अवघड. सभेला परवानगी लागे. ‘गश्ती निशान ५३’ हे हुकमाचं नाव आमच्या जुन्या माणसांच्या तोंडी शिवीसारखं होतं. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं, गोविंदराव नानल अध्यक्ष. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात, आता जालन्यात. पुढच्याच वर्षी आ. कृ. वाघमाऱ्यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं ते पुण्यातून, कारण संस्थानात ते निघूच शकत नव्हतं. बंदी आली की नाव बदलायचं, पुन्हा काढायचं. स्टार चेंबर गेल्यावर लंडनमध्ये जे उघड्यावर झालं ते इथे हद्दीपलीकडून करावं लागलं.

पण लोकरीच्या चोपड्यांकडे परत येतो, कारण त्यांच्यात मला एक गोष्ट खटकते आणि ती आमच्या पुस्तिकांतही खटकते. १६७७ चा निनावी लेखक ज्याची बाजू मांडतो तो मेंढ्यांमागे फिरणारा मेंढपाळ नाही. तो जमीनदार. त्याचं रडणं खंड उतरल्याचं आहे, आणि मूठभर कारागिरांपेक्षा जमीनधनी देशाला अधिक मोलाचे, असं तो न लाजता लिहितो. लोकर कातरणाऱ्याची मजुरी त्याच्या हिशेबात खर्च म्हणून येते, माणूस म्हणून येत नाही. त्याची बाजू मांडणारा वेगळाच होता. एप्रिल १६४९ मध्ये जेरार्ड विन्स्टन्ली काही भुकेल्या माणसांना घेऊन सरे परगण्यातल्या सेंट जॉर्ज टेकडीवर गेला आणि पडीक गावरान खणून गाजरं, घेवडे लावायला लागला. वर्षभरात आसपासच्या जमीनवाल्यांनी झोपड्या जाळून, पिकं तुडवून त्यांना हुसकलं. मग १६५२ मध्ये त्याने सेनापती क्रॉमवेलला उद्देशून एक चोपडं लिहिलं: जमीन सगळ्यांची, पीक सामाईक कोठारात, ज्याला लागेल तसं त्याने न्यावं, खरेदीविक्री नाही, कायदे थोडे आणि सगळ्यांना कळतील असे, वकील नकोत.

दोनशे पंधरा वर्षांनी हेच जवळजवळ याच मांडणीत मराठीत आलं, आणि लिहिणाऱ्याने विन्स्टन्लीचं नाव ऐकलं असण्याचं कारण नाही. विष्णुबुवा ब्रह्मचारी. कुलाबा जिल्ह्यातल्या शिरवलीचे, नाक्यावर जकातखात्यात नोकरी केलेले, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालणारे. त्यांचा ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ १८६७ चा. साऱ्या जमिनीचं एक शेत, गावोगाव धान्याची कोठारं, कपडा सगळ्यांना सारखा. त्याचं इंग्रजी भाषांतर करून ते विलायतेला धाडलं गेलं. विलायतेत कोणी वाचलं असेल तर त्याला आपल्याच टेकडीवरचा पडसाद ऐकू आला असेल काय, हा विचार मला अधूनमधून येतो.

विन्स्टन्ली आणि विष्णुबुवा दोघेही अव्यवहारी, हे कबूल. पण व्यवहारी चोपड्यांत कापूस वेचणारी बाई दिसत नाही. पहाटे घर आवरून, ओटीला कापड बांधून, दिवसभर वाकून, किलोवर मजुरी घेणारी. कापसाचं बोंड उमलून वाळलं की त्याच्या पाकळ्या सुईसारख्या होतात. वेचणाऱ्या बाईची बोटं हंगामाच्या शेवटी पाहावीत. भाव वाढला तर वेचणीचा दर वाढेल, हे पुस्तिकेतलं उत्तर. वाढला थोडा, हेही खरं. जोशींना हे छिद्र दिसत नव्हतं असं नाही. १९८६ मध्ये चांदवडला त्यांनी शेतकरी बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला, नवऱ्याने आपली थोडी जमीन बायकोच्या नावे करायची. आमच्या गावात काहींनी केली. काकांनी मात्र, ज्यांनी व्याजाचा पैन्‌पै हिशेब लिहिला त्यांनी, काकूंची मजुरी वहीत कधी धरली नाही. ती घरची.

इंग्लंडमधल्या लोकरीच्या राजकारणाने शेवटी मढ्यालाही सोडलं नाही. १६६६ मध्ये आणि मग पुरत्या कडकपणे १६७८ मध्ये कायदा झाला की मेलेल्या माणसाला लोकरीच्याच कफनात पुरायचं. आठ दिवसांत तसं शपथपत्र द्यायचं, नाहीतर पाच पौंड दंड. त्यातला निम्मा चुगली करणाऱ्याला. श्रीमंत घरं मढ्याला तलम लिननच घालत आणि स्वतःच्याच नोकराकडून चुगली करवून निम्मा दंड वाचवत. कायदा करणाऱ्याला जे सुचत नाही ते पाळणाऱ्याला सुचतं. आणि जिवंत माणसांच्या अंगावरून लोकर उतरवायला निघालं होतं ते आपलंच सुती कापड. जॉन पोलेक्सफेनने १६९७ मध्ये चोपडं काढलं की हिंदुस्थानी कापड आणि इंग्लंडचे धंदे एकत्र नांदूच शकत नाहीत. चार्ल्स डॅव्हनंटने कंपनीच्या व्यापाराची बाजू घेतली. त्याच वर्षी विणकरांच्या जमावाने ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीवर चाल केली. १७०० मध्ये पूर्वेकडचं रेशीम आणि छापील-रंगीत सुती कापड अंगावर घालायला कायद्याने बंदी झाली. दख्खनमध्ये त्या वर्षी औरंगजेब किल्ले घेत फिरत होता. आपल्या कापसावर लंडनमध्ये एवढी शाई सांडते आहे हे गोदाकाठच्या कोणाला कळलं असेल असं वाटत नाही.

१९८५ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने कृत्रिम धाग्याला झुकतं माप देणारं वस्त्रधोरण आणलं, आणि संघटनेने ‘राजीव वस्त्रां’वर बहिष्कार पुकारला. टेरिलीनचे सदरे होळीत गेले. काकांनी आपला एकुलता एक टेरिकॉटचा सदरा, लग्नाकार्यातला, टाकला. चुलतभावाने आपली पँट लपवून ठेवली. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात कापसाच्या आंदोलनात सुरेगावला पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी मेले. सुरेगाव हिंगोलीजवळचं, हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, तेव्हा ते परभणीतच होतं. त्या रात्री आमच्या गावात कोणी हिशेब केला नाही.

आता निकाल. लोकरीची निर्यातबंदी इंग्लंडमध्ये उठली १८२४ साली. जॉन स्मिथचे दोन खंड, अॅडम स्मिथचा ग्रंथ, दीडशे वर्षांची चोपडी, यातल्या कशामुळे? मी ते प्रकरण आशेने वाचायला घेतलं होतं. १८१९ मध्ये बाहेरून येणाऱ्या लोकरीवर रतलामागे सहा पेन्स जकात बसली होती, ती कापडवाल्यांना बोचत होती. ती उतरवून घेण्याच्या सौद्यात त्यांनी निर्यातबंदी सोडली. तोवर त्यांना परदेशी लोकरीची गरज होती आणि इंग्रज लोकर बाहेर गेली तरी त्यांचं फारसं बिघडत नव्हतं. म्हणजे मेंढीवाल्याला दार उघडून मिळालं ते त्याच्या मालाची किंमत उरली नाही तेव्हा.

एकाधिकार खरेदीचंही तसंच झालं. ती २००२ च्या आसपास मोडली ती तोटा सरकारला झेपेना म्हणून. पुस्तिकांतलं मागणं पुरं झालं, शेतकऱ्याला कापूस कुठेही विकायची मोकळीक मिळाली, आणि नेमका त्या सुमाराला जगातला भाव बसलेला होता. ज्या केंद्राला शिव्या घालत काका म्हातारे झाले ते केंद्र सुरू करा म्हणून लोक तहसिलीवर गेले. काका गेले नाहीत. पण जाणाऱ्यांना त्यांनी अडवलंही नाही. जोशी खुल्या बाजाराचं म्हणणं शेवटपर्यंत मांडत राहिले. १२ डिसेंबर २०१५ ला ते गेले, तोवर त्यांचेच जुने लाल बिल्लेवाले हमीभावाच्या मोर्च्यांत दिसू लागले होते. त्यांना मी दोष देत नाही. ज्या बाजाराचं दार सरकार मनाला येईल तेव्हा लावतं त्याला खुला म्हणायचं कसं? मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात एका रात्रीत बंद झाली, ओरड झाली तशी आठवड्यात उघडली. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये उलटं: परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग वर्षअखेरपर्यंत, ऐन आमची वेचणी सुरू व्हायच्या तोंडावर. कापडधंद्याला माल स्वस्त पाहिजे. मॅन्लीला हा हुकूम वाचून समाधान वाटलं असतं.

२०२५ च्या हंगामात पुतण्या कापूस महामंडळाच्या केंद्राकडे वळला. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. मोबाईलवर नोंदणी, मोबाईलवर वेळ मागायची, ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला तर गाडी परत. परतीच्या पावसाने बोंडं भिजलेली, त्यामुळे त्याने अंगणात कापूस पसरून दोन-तीनदा उन्हं दिली, आणि तरी थोडा कवडी कापूस व्यापाऱ्याला पडेल भावात द्यावा लागला. ग्रेडरच्या हाताची जागा ओलावा मोजणाऱ्या यंत्राने घेतली आहे; यंत्राला चहा पाजता येत नाही, एवढी सुधारणा.

काकांची वही तो चालवतो. रकाने तेच आहेत, ट्रॅक्टरचा एक वाढला आणि वैरणीचा एक गेला. त्याच हंगामात त्याच्या बायकोने, जी बारावीपर्यंत शिकली आहे, बेरीज तपासायला घेतली आणि विचारलं, ‘मजुरीत तुमचे रोज धरले, सालगड्याचे धरले, वेचणीच्या बायांचे धरले. मी दिवाळीपासून रानात हाय, माझे रोज कुठं हायत?’ पुतण्या म्हणाला, ते धरले तर तोटा आणखी वाढतो. ती म्हणाली, ‘वाढू द्या की, हाय तेवढा लिहा.’ मला मधे घातलं गेलं, कारण मी अर्थशास्त्राचा. मी तिच्या बाजूने बोललो. पुतण्या अजून राजी नाही. म्हणतो, तिचे रोज धरायचे तर मग म्हशीचं दूध आणि घरचा स्वयंपाकही धरावा लागेल, आणि एवढी मोठी वही बाजारात मिळत नाही.